बाहुलीला माहीत नसते

७ जून १९६८. रॉबर्ट केनेडी यांचा मृत्यू होऊन एक दिवस झाला होता. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती. अमेरिकेत घरोघरी टीव्ही अखंड चालू होता. मोठी माणसे सुन्न होऊन त्याच्यासमोर बसली होती आणि त्यांच्या पायांशी खेळणारी मुले तोच एक अवघड शब्द दिवसभर ऐकत होती. त्या दिवशी पिट्सबर्गच्या फ्रेड रॉजर्स यांनी मुलांसाठीच्या आपल्या कार्यक्रमाचा एक खास भाग दाखवला. त्यात डॅनियल नावाचा एक छोटा पट्टेरी वाघ होता. फ्रेड रॉजर्स यांच्या हातात मोज्यासारखा घातलेला, कापडाचा, चेहऱ्यावरची रेषही न हलणारा. तो लेडी अॅबर्लिन या आपल्या मैत्रिणीला फुगा फुगवायला सांगतो. मग फुग्यातली हवा सोडली जाते. आत होती ती हवा कुठे गेली, असे तो विचारतो. माणसाचेही असेच होते का, ही त्याची खरी काळजी. माणूस श्वास सोडतो तसा पुन्हा घेतोही, असे ती त्याला समजावते. थोडा वेळ जातो. मग तो वाघ हळूच विचारतो, की हत्या म्हणजे काय?

ती टाळत नाही. आज हा शब्द तू पुष्कळदा ऐकलास का, असे आधी विचारते आणि मग चार वर्षांच्या मुलाला पेलेल एवढ्याच शब्दांत त्याचा अर्थ सांगते.

हा प्रश्न रॉजर्स यांनी स्वतःच्या तोंडून का विचारला नाही? पडद्यावर ते नेहमी दिसत, मुलांशी थेट बोलत. या प्रश्नासाठी मात्र त्यांनी वाघ निवडला. कारण त्या दिवशी घराघरांत मुलांना जे विचारायचे होते आणि विचारता येत नव्हते, ते विचारण्यासाठी त्यांच्याहून लहान, त्यांच्याहून भित्रे आणि त्यांच्याहून कमी जाणणारे कोणीतरी हवे होते. मुलांच्या शैक्षणिक कार्यक्रमांत बाहुलीचे स्थान नेमके हे आहे. धडा गोड लागावा म्हणून वर लावायची साखर एवढाच तिचा उपयोग समजला जातो, आणि त्यामुळे तिची खरी ताकद वाया जाते. बाहुलीला माहीत नसते, म्हणून ती शिकवू शकते.

शाळेत बाई विचारतात, "हा कोणता रंग?" बाईंना तो रंग ठाऊक असतो आणि बाईंना तो ठाऊक आहे हे मुलालाही ठाऊक असते. म्हणजे विचारणे रंगाचे असले, तरी परीक्षा मुलाची असते. घरी पाहुणे आल्यावर "आकडे म्हणून दाखव" म्हणतो तेव्हाही तेच. लहान मुलाच्या वाट्याला दिवसभरात येणारे बहुतेक प्रश्न असेच असतात, आणि चुकण्याच्या भीतीने कितीतरी मुले गप्प राहायला शिकतात. बाहुली विचारते तेव्हा मात्र जाणत्याची जागा मुलाकडे येते. अख्ख्या घरात ज्याला सगळे शिकवत असतात, त्याला पहिल्यांदाच कोणालातरी शिकवायला मिळते. शिकवताना आपल्याला जे कळते ते ऐकताना कळत नाही, हे प्रत्येक शिक्षक स्वतःच्या अनुभवाने सांगेल. मग तो अनुभव मुलाला का मिळू नये?

हातमोज्यासारखी हातात घालायची ही बाहुली. तिला आपण हातबाहुली म्हणू. तिची रचना अगदी साधी असते. तर्जनी डोक्यात, अंगठा एका हातात, मधले बोट दुसऱ्या हातात. केरळच्या पावकथकळीतल्या नटव्या बाहुल्याही याच तीन बोटांवर उभ्या असतात. चेहरा कोरलेला किंवा शिवलेला, म्हणजे कायमचा एकच. तरीही मान किंचित खाली गेली की ती खट्टू दिसते, दोन्ही हात तोंडाशी आले की लाजलेली दिसते, आणि काहीच न हलता ती समोरच्याकडे पाहत राहिली की ती विचारात पडल्यासारखी वाटते. चेहरा तोच असतो. त्यावरचा भाव मूल भरते. आजच्या संगणकी चित्रपटात पात्राची भुवईदेखील दुसऱ्या कोणीतरी आधीच हलवून ठेवलेली असते. तिथे मुलाला भर घालायला जागा उरत नाही. हातबाहुलीत निम्मे काम मुलाचे असते, आणि जिथे मूल काम करते तिथेच ते शिकते.

डॅनियलचा जन्मही पाहण्यासारखा आहे. १९५४ मध्ये पिट्सबर्गच्या डब्ल्यूक्यूईडी या लोकवर्गणीवर चालणाऱ्या केंद्रावर ‘द चिल्ड्रन्स कॉर्नर’ हा कार्यक्रम सुरू झाला. सगळे थेट प्रक्षेपण. मध्ये मध्ये दाखवायच्या जुन्या फिती सारख्या तुटायच्या आणि वेळ भरून काढावा लागायचा. अशा वेळी रॉजर्स यांनी पडद्यामागून, भिंतीवर रंगवलेल्या घड्याळातून वाघाला डोके बाहेर काढायला लावले आणि तो बोलू लागला. पुढे तो त्या घड्याळातच राहू लागला. त्या घड्याळाला काटे नव्हते. ‘मिस्टर रॉजर्स नेबरहूड’ १९६८ पासून २००१ पर्यंत चालले, आणि रॉजर्स पिट्सबर्ग विद्यापीठातल्या बालमानसतज्ज्ञ मार्गारेट मॅकफर्लंड यांच्याशी, त्या हयात असेपर्यंत, आपल्या भागांची चर्चा करत राहिले. वाघाच्या तोंडी कोणती भीती घालायची, कोणत्या क्रमाने, किती वेळ थांबून, हे अभ्यासाने ठरत होते. भाबडेपणा बाहुलीचा होता. तिच्यामागचा हात मात्र पूर्ण तयारीचा होता.

इंग्लंडमधले उदाहरण याहून थोडके आणि तितकेच बोलके. हॅरी कॉर्बेट या हौशी जादूगाराने १९४८ मध्ये ब्लॅकपूलच्या धक्क्यावरच्या दुकानातून आपल्या मुलासाठी एक पिवळे अस्वल विकत घेतले. १९५२ मध्ये ते बीबीसीवर आले. काळ्यापांढऱ्या पडद्यावर ते उठून दिसावे म्हणून कॉर्बेट यांनी त्याचे कान आणि नाक काजळीने काळे केले, आणि त्यावरूनच त्याचे नाव सूटी पडले. सूटी बोलत नाही. तो कॉर्बेट यांच्या कानाशी लागतो, कॉर्बेट ऐकतात आणि काय सांगितले ते मुलांना सांगतात. एका मोठ्या माणसाने एका लहानग्याचे म्हणणे कान देऊन ऐकावे, त्यावर विचार करावा, ते गंभीरपणे दुसऱ्याला सांगावे, हे दृश्य मुलांनी वर्षानुवर्षे पाहिले. आपले म्हणणे असे ऐकून घेतले जाते, हा अनुभव किती मुलांना रोजच्या जगण्यात मिळतो?

इथे एक जुना आक्षेप पुढे येतो. कापडाच्या वाघाला खरे मानायला लावणे ही मुलांची फसवणूक नाही का? खरे आणि खोटे यांची सरमिसळ करून आपण त्यांचा गोंधळ तर वाढवत नाही? हा आक्षेप तज्ज्ञांचाही होता. १९६९ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या अमेरिकी कार्यक्रमाची तयारी चालू असताना सल्लागारांनी स्पष्ट बजावले होते, की जिम हेन्सन यांच्या बाहुल्या आणि कार्यक्रमातल्या रस्त्यावरची खरी माणसे एकाच प्रसंगात आणू नका. निर्मात्यांनी ते मानले. मग जुलैमध्ये फिलाडेल्फियातल्या मुलांना चाचणीचे भाग दाखवले. संशोधक एडवर्ड पामर यांची पद्धत सोपी होती: टीव्हीच्या शेजारी दुसऱ्या पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी एक नवे चित्र पडत राहायचे, आणि मुलाची नजर कधी टीव्हीवरून ढळते ते नोंदवायचे. बाहुल्या आल्या की मुले खिळून राहत. रस्त्यावर नुसती माणसे आली की नजर हटे. तेव्हा सल्ला बाजूला ठेवून रस्त्यावर बाहुल्यांना घर दिले गेले. बिग बर्ड आणि कचऱ्याच्या डब्यात राहणारा ऑस्कर यांचा जन्म या निर्णयातून झाला. १० नोव्हेंबर १९६९ ला कार्यक्रम सुरू झाला, आणि माणूस आणि बाहुली एकाच पायरीवर बसून बोलू लागली.

तज्ज्ञांनी मुलांना कमी लेखले होते. भातुकली मांडणाऱ्या मुलीला वाटीत भात नाही हे पक्के ठाऊक असते. तरी तो तुम्ही खाल्ला नाहीत तर ती रागावते. ठाऊक असणे आणि मानणे या दोन गोष्टी ती एकाच वेळी सहज सांभाळते. बाहुलीसमोर बसलेले मूलही तेच करते. हात कोणाचा आहे हे दिसत असतानाही ते बोलते बाहुलीशीच. नाटक, काव्य, देवळातले कीर्तन, सगळी कला या क्षमतेवर उभी आहे. तिला गोंधळ म्हणणे हा मुलांवर अन्याय आहे.

ही क्षमता किती दूर नेता येते, ते १९८३ मध्ये दिसले. ‘सेसमी स्ट्रीट’वरच्या दुकानाचे मालक मिस्टर हूपर ही भूमिका करणारे विल ली १९८२ च्या डिसेंबरमध्ये वारले होते. दुसरा नट घेता आला असता, किंवा हूपर गावाला गेले असे सांगता आले असते. निर्मात्यांनी मुलांना मृत्यू सांगायचे ठरवले आणि तो बिग बर्डला सांगितला. हा उंच पिवळा पक्षी म्हणजे हातबाहुली नव्हे. नटाने अंगावर चढवायची ती अख्खी बाहुली. तिची चोच मात्र कॅरल स्पिनी यांच्या डोक्यावर धरलेल्या हाताने हलत असे. पक्ष्याने सगळ्यांची चित्रे काढली आहेत, हूपर यांचेही. ते आले की देईन, असे तो म्हणतो. माणसे एकमेकांकडे पाहतात आणि ते परत येणार नाहीत, असे त्याला सांगतात. पक्षी पुन्हा विचारतो. का, असे विचारतो. या प्रश्नाला उत्तर नाही आणि मोठी माणसे तसे भासवतही नाहीत. मूल त्या प्रसंगात दोन गोष्टी एकदम शिकते: मेलेले माणूस परत येत नाही, आणि हे न कळणे, पुन्हा पुन्हा विचारणे यात लाजण्यासारखे काही नाही.

अशा कार्यक्रमाने प्रत्यक्ष शिक्षणावर काही परिणाम होतो का? मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हाइन या अर्थतज्ज्ञांनी याचे उत्तर शोधले. सुरुवातीच्या वर्षांत काही शहरांत ‘सेसमी स्ट्रीट’ नीट दिसे, तर काही शहरांत प्रक्षेपण कमजोर असल्याने दिसतच नसे. दोन्हीकडच्या मुलांची त्यांनी पुढे तुलना केली. जिथे कार्यक्रम दिसत होता तिथली मुले शाळेत आपल्या वयाच्या वर्गात असण्याचे प्रमाण जास्त आढळले, आणि हा लाभ गरीब वस्त्यांत अधिक होता. मोठेपणीच्या कमाईवर तसा ठाम परिणाम मात्र दिसला नाही. दावा एवढाच करावा: शाळेच्या उंबरठ्यापाशी मागे पडणाऱ्या मुलाला हा कार्यक्रम हात देतो. गरीब देशाला एवढा दावाही पुरेसा आहे.

आता आपल्याकडे पाहू. बाहुली आपल्याला परकी नाही. लखनौच्या गुलाबो-सिताबो या भांडखोर हातबाहुल्या प्रसिद्ध आहेत. कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. यशवंत पाध्ये यांच्या अर्धवटराव या बोलक्या बाहुलीला रामदास पाध्ये यांनी घरोघरी नेले. अर्धवटराव धन्याला उलट बोलतात, मोठ्यांचे दोष मोठ्यांसमोर काढतात आणि तरी सगळ्यांना हवेसे वाटतात. बाहुलीला जे बोलण्याची मुभा असते ती माणसाला नसते, हे मराठी प्रेक्षकांना त्यांनीच शिकवले. २००६ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’चे भारतीय रूप ‘गली गली सिम सिम’ आले. त्यातली चमकी शाळेच्या गणवेशात वावरणारी, शाळा मनापासून आवडणारी मुलगी होती. शाळेत जाणे हा मुलीचा सहज हक्क आहे हे तिने एकही भाषण न करता दाखवले.

मुलांसाठीच्या दूरचित्रवाणीची आपली सुरुवातही चांगली होती. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, आणि ‘किलबिल’ची वाट पाहणारी पिढी आज आजी-आजोबांच्या वयाला आली आहे. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली, तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून खेड्यापाड्यांतल्या शाळांत पोचले. २०१७ मध्ये ती संस्था बंद झाली. करोनाकाळात, २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागली तेव्हा मराठी मुलांसाठी रोजचा कार्यक्रम करता येतो हे पुन्हा दिसले. पण संकटात करायची गोष्ट आणि रोज करायची गोष्ट यांत फरक आहे. मूल दर वर्षी नव्याने चार वर्षांचे होते.

बाहुलीचा वापर आपण केला नाही असेही नाही. कुटुंबनियोजन, लसीकरण, स्वच्छता, बचत, साक्षरता, प्रत्येक मोहिमेत बाहुल्या होत्या. पण त्यांना आपण बहुतेक वेळा उपदेशक केले. एक छोटा प्रसंग घ्या. बाहुली येते आणि म्हणते, "मुलांनो, जेवणाआधी हात स्वच्छ धुवायचे बरं का!" मुले एका सुरात "हो" म्हणतात. इथे बाहुली म्हणजे टोपी घातलेल्या बाईच. आता दुसरी बाहुली पाहा. ती स्वतःचे हात उलटसुलट करून पाहते आणि म्हणते, "माझे तर स्वच्छच दिसतायत. मग कशाला धुवायचे?" शेजारी बसलेली ताई उत्तर देत नाही, मुलांकडे पाहते. समोरची मुले गप्प राहूच शकत नाहीत. "अगं, घाण दिसत नाही!" "जंतू असतात!" "मातीत खेळलीस ना मघाशी?" मग बाहुली विचारते, "दिसत नाहीत, तर आहेत हे तुला कसं कळलं?" विज्ञानाचा पहिला प्रश्न तोच आहे, आणि तो चार वर्षांच्या वर्गात कोणीही धडा न देता येऊन उभा राहिला. पहिल्या प्रसंगात मूल आज्ञा पाळायला शिकते, दुसऱ्यात विचार करायला. बाहुली दोन्हीकडे तीच आहे.

माझा दुसरा मुद्दा भाषेचा. घरी मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, कोरकू किंवा गोंडी बोलणारे मूल शाळेत येते तेव्हा पहिल्याच दिवशी त्याला कळते, की आपली भाषा इथली नाही. ते गप्प होते आणि आपण त्याला मागे पडलेले म्हणतो. पडद्यावरची बाहुली अहिराणी बोलली तर? तिला पुस्तकातला शब्द माहीत नसला, तर ती घरचा शब्द सांगेल. ताई दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहील. बाहुलीच्या चुकीला कोणी हसत नाही, म्हणून तिच्या मागे लपून मुलाची भाषा मानाने वर्गात येऊ शकते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला शिक्षण मुलांच्या अंगणात नेले, कारण मूल आपल्या जागी निर्भय असते हे त्यांना उमगले होते. दूरचित्रवाणीने तेच भाषेच्या बाबतीत करायला हवे.

पडदाच नको, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी गांभीर्याने घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले, की एका वर्षाच्या बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी तासाभराहून अधिक नको, कमी तर अधिक चांगले. अगदी लहान मूल पडद्यापेक्षा समोरच्या माणसाकडून जास्त शिकते, हेही संशोधनाने वारंवार दाखवले आहे. हे सगळे मान्य करूनच मी म्हणतो, की त्या मर्यादित वेळात काय दाखवायचे हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा होतो. आज मराठी घरांतल्या फोनवर मुलांना काय दिसते? रंगांचा भडिमार, क्षणाक्षणाला बदलणारी चित्रे, एक गाणे संपायच्या आत सुरू होणारे दुसरे. ते कधी थांबत नाही, कधी विचारत नाही आणि कधी संपत नाही. रॉजर्स यांनी एकदा एक मिनिट म्हणजे किती हे दाखवायला घड्याळ लावून पूर्ण मिनिट शांत बसून दाखवले होते. थांबण्याची ही हिंमत हातबाहुलीच्या कार्यक्रमात असते, कारण बाहुलीला उत्तराची वाट पाहावी लागते. आणि कार्यक्रम संपल्यावर मूल जे पाहिले ते घरातल्या मोज्याने करू शकते. संगणकी हत्तीचे तसे करता येत नाही.

यापुढे हे आणखी निकडीचे होणार आहे. आजच्या फोनला काहीही विचारा, तो तत्काळ उत्तर देतो. सर्व काही जाणणारा आवाज मुलाच्या उशाशी आला आहे. त्याच्यासमोर मूल कायमचे विचारणारे राहील, सांगणारे कधीच होणार नाही. अशा काळात ज्याला काही माहीत नाही असा एक सोबती मुलाला हवा. तो आपण मुद्दाम घडवला पाहिजे.

पैशांचा प्रश्न येईलच. १ मे १९६९ ला अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीपुढे सार्वजनिक दूरचित्रवाणीचा निधी कापण्याचा विषय होता. रॉजर्स तिथे गेले आणि मुलाला आपला राग कसा हाताळायचा हे शिकवण्यासाठी आपण काय करतो, ते त्यांनी शांतपणे सांगितले. कडक म्हणून ओळखले जाणारे अध्यक्ष जॉन पास्टोरी हेलावले आणि दोन कोटी डॉलर तुम्ही मिळवलेत, असे त्यांनी तिथेच जाहीर केले. मुलांच्या मनासाठी सार्वजनिक पैसा खर्च करणे योग्य आहे, हे त्या दिवशी एका लोकशाहीने मान्य केले. आपल्याला तर त्याहून पुष्कळ कमी लागेल. बाहुली कापडाची असते. खर्च येतो तो लिहिणाऱ्याचा, हात चालवणाऱ्या कलावंताचा आणि बालमानस जाणणाऱ्या सल्लागाराचा. तिघेही महाराष्ट्रात आहेत.

म्हणून मागणी अशी: सह्याद्री वाहिनीवर रोज, ठरलेल्या वेळी, अर्ध्या तासाचा मराठी बाहुल्यांचा कार्यक्रम असावा. त्यात बाहुली विचारणारी असावी, उपदेश करणारी नको. तिच्याशेजारी एक जिवंत माणूस असावा, तो तिचे म्हणणे कान देऊन ऐकणारा असावा. तिने महाराष्ट्राच्या सगळ्या बोली बोलाव्यात. तिने मरण, भूक, दुष्काळ, आईबाबांची भांडणे याविषयीही विचारावे, कारण मुले ते मनात विचारतच असतात. आणि हे काम पाच वर्षे न थांबता चालावे.

ते होईपर्यंत वाचकांनी एक करावे. घरातला जोडी हरवलेला एक मोजा घ्या, दोन बटणे शिवा, हातात घाला आणि मुलाच्या शेजारी जमिनीवर बसा. मोज्याला त्याला एक प्रश्न विचारू द्या, ज्याचे उत्तर मोज्याला खरोखरच माहीत नाही. मग गप्प राहा. मूल बोलेल.